करंजवड्याला ठेवलेली प्रत

डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात निळकंठ नावाचे एक मास्तर राहत होते. लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली. तोवर ते पाटीवर अक्षरे गिरवायला शिकले होते, म्हणून अक्षरांचे आकार त्यांच्या लक्षात राहिले. पुढचे सगळे शिक्षण मात्र त्यांनी कानांनी आणि बोटांनी केले. गावात अंध मुलांची निवासी शाळा होती. तिथेच ते शिकले आणि पदवी घेऊन तिथेच इतिहास शिकवायला परत आले.

शाळेत पुस्तकांची फार ओढाताण होती. ब्रेलमधली पुस्तके जाडजूड असत, मोजकीच असत आणि बहुधा उशिरा येत. एक पुस्तक चार मुलांना आलटून पालटून पुरवावे लागे. मास्तरांनी यावर उपाय काढला. गावातल्या ज्या कोणाला दुपारी सवड असेल त्याने शाळेत यावे आणि माइकपुढे बसून एखादे पुस्तक मोठ्याने वाचावे. ते कम्प्युटरमध्ये साठवायचे, म्हणजे मुलांना हवे तेव्हा ऐकता येईल. कम्प्युटर मास्तर स्वतः चालवत. पडद्यावर जे उमटे ते यंत्र त्यांना बोलून सांगे.

हळूहळू माणसे येऊ लागली. निवृत्त पोस्टमन आले, शिंपी आले, कॉलेजात जाणाऱ्या मुली आल्या. शाळेच्या कोपऱ्यातली ती खोली म्हणजे गावाचे बोलते ग्रंथालय झाले.

त्यात मुलांचा सर्वांत आवडता आवाज होता तारामावशींचा. तारामावशी पिठाची गिरणी चालवत. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय. त्यामुळे आवाज भरदार आणि शब्द कसा खणखणीत. शिवाय त्या वाचता वाचता गोष्टीत शिरत. लढाई आली की त्यांचा वेग वाढे. तह आला की एकेक कलम सावकाश, माप ओतावे तसे वाचत. मुलांना सनावळ्या पाठ होत त्या त्यांच्याच आवाजात.

मास्तरांचा एक नेम होता. जे वाचून झाले ते फक्त कम्प्युटरमध्ये ठेवायचे नाही. त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करून ती शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवायची. दुसरी प्रत आणखी एका डिस्कवर करून ती गावाबाहेर न्यायची. घाटापलीकडे करंजवडे गावात मास्तरांची थोरली बहीण राहत होती. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर ताजी डिस्क डब्यात घालून एसटीने तिच्याकडे जात, ती तिच्या कपाटात ठेवत आणि जुनी परत आणत. आणलेली डिस्क नीट उघडते का, आवाज स्पष्ट येतो का, हे ऐकून पाहिल्याशिवाय ते तिच्यावर नवे काही साठवत नसत.

लोकांना याची गंमत वाटे. एसटी स्टँडवर कोणीतरी हमखास विचारी, "मास्तर, डब्यात दागिने नेताय का?"

शाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक रघुवीर चौगुले तर त्यांची चेष्टाच करत. चौगुले मनाने अतिशय चांगले. मुलांवर त्यांचा जीव. पण स्वभाव उतावळा. ते म्हणत, "अहो मास्तर, एकाच पुस्तकाच्या किती प्रती? कपाटात एक आहे ना? मग त्या करंजवड्याला कशाला डोंगर ओलांडून नेता?"

"कपाट कुठे आहे, चौगुले?" मास्तर विचारत.

"शाळेत."

"आणि कम्प्युटर?"

"शाळेतच."

"मग शाळेला काही झालं तर?"

चौगुले हसत आणि म्हणत, "शाळेला काय होतंय."

एका वर्षी तारामावशींच्या घशाला दुखणे लागले. आधी आवाज बसला, मग गिळायला त्रास होऊ लागला. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितले, शस्त्रक्रिया करावी लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल.

मावशी दवाखान्यातून आल्या त्या घरी न जाता थेट शाळेत आल्या. दहावीच्या इतिहासाचे पुस्तक त्यांनी अर्धे वाचून ठेवले होते.

"मास्तर, हे पुरं करूनच मी जाणार," त्या म्हणाल्या.

"मावशी, घशाला त्रास होईल. उरलेलं दुसरं कोणीतरी वाचेल."

"वाचेल की. पण अर्धं पुस्तक माझं आणि अर्धं दुसऱ्याचं, असं पोरांना कशाला? आणि माझ्याकडं आवाज आहे तोवर मी तो घरात बसून काय करू?"

मग त्या रोज आल्या. दोन पाने वाचायच्या, कोमट पाणी प्यायच्या, पुन्हा वाचायच्या. शेवटचा धडा संपला तेव्हा त्यांनी माइक हाताने बाजूला सरकवला.

मास्तरांनी या वेळी दिवाळीची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने ते करंजवड्याला गेले आणि मावशींचे पुस्तक बहिणीच्या कपाटात ठेवून आले.

शस्त्रक्रिया झाली. मावशी बऱ्या झाल्या, पुन्हा गिरणीत उभ्या राहू लागल्या. आवाज मात्र गेला तो गेलाच. गिऱ्हाइकांशी त्या पाटीवर लिहून बोलत. मास्तरांना पाटी दिसत नव्हती, म्हणून त्यांच्या तळहातावर त्या बोटाने एकेक अक्षर काढत. मास्तर ते जुळवून मोठ्याने म्हणत आणि मावशी त्यांच्या हातावर थाप मारून बरोबर आहे असे सांगत. त्या वर्षीच्या दिवाळीत मास्तर स्वतःच आजारी पडले आणि त्यांची करंजवड्याची फेरी चुकली.

दहावीची परीक्षा तोंडावर आली. अंध मुले परीक्षेत उत्तरे तोंडी सांगतात आणि लेखनिक ती लिहून घेतो. तेव्हा जे काही असेल ते कानातून डोक्यात गेलेले असावे लागते. मुले रोज ग्रंथालयात बसून मावशींचे पुस्तक ऐकत होती.

एके दिवशी सकाळी मास्तरांनी खोलीचे दार उघडले आणि ते उंबऱ्यावरच थांबले. त्यांना जळका वास आला. कम्प्युटर सुरू होईना. शाळेच्या शिपायाने तो उघडून पाहिला, तर आतली डिस्क काळी पडली होती.

मुख्याध्यापिका पाटणकरबाई धावत आल्या. मास्तर त्यांना म्हणाले, "बाई, हे का जळलं ते आधी समजायला हवं. मी जिल्ह्याच्या गावाला जाऊन जाणता वायरमन घेऊन येतो. तोवर या कम्प्युटरला कोणी हात लावू नका."

मास्तर गेले. दुपारी मुले चौगुल्यांभोवती जमली. त्यांच्यात सुनेत्रा नावाची मुलगी होती. ती वर्गात हुशार, पण परीक्षेच्या नावाने तिचे हातपाय गार पडत.

"सर, आता इतिहास कसा करायचा?" तिने विचारले. तिचा आवाज रडवेला झाला होता.

चौगुल्यांना ते पाहवेना. कपाटातली डिस्क त्यांना आठवली. त्यांनी मनाशी म्हटले, मास्तरांनी कम्प्युटरला हात लावू नका म्हटले आहे, डिस्कला नव्हे. त्यांनी आपला लॅपटॉप आणला, कपाटातून डिस्क काढली, लॅपटॉपला जोडली आणि तिच्या विजेची पिन ग्रंथालयाच्या भिंतीतल्या प्लगमध्ये घातली.

डिस्क फिरू लागली. मावशींचा आवाज खोलीभर घुमला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक परिच्छेद झाला, दुसरा सुरू झाला. तेवढ्यात बारीकसा 'फट्' असा आवाज आला आणि मावशी वाक्याच्या मध्येच थांबल्या. खोलीत पुन्हा तोच जळका वास पसरला.

चौगुल्यांनी पिन ओढून काढली. मुलांना त्यांनी काय सांगितले ते त्यांनाही नंतर आठवेना.

वायरमन दोन दिवसांनी येणार होता. मास्तर संध्याकाळी परत आले तेव्हा चौगुले शाळेच्या फाटकातच उभे होते. त्यांनी काहीही न लपवता सारे सांगितले. आपण कोणते कारण शोधून स्वतःची समजूत घातली तेही सांगितले.

मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुम्हाला शॉक नाही ना बसला? मुलं लांब होती ना?"

"कोणाला काही झालं नाही."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. मग ते फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले. त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. ते रागावले असते तर चौगुल्यांना बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी पाटणकरबाईंनी सगळ्यांना बोलावले. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही दूरदृष्टीने तिसरी प्रत ठेवलीत, हे आपलं नशीब. आजच कोणाला तरी करंजवड्याला पाठवा. डिस्क आली की दुसऱ्या खोलीत लावू आणि मुलांना ऐकवू."

"डिस्क आणू," मास्तर म्हणाले, "पण ती इथे लावायची नाही."

"दुसऱ्या खोलीतसुद्धा नाही?"

"खोली दुसरी, पण वायर तीच. दोष कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नाही. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं नाही आपल्याला. वायरमन येऊन बघेपर्यंत नाही. आणि त्यानंतरही, तिच्यावरून दुसरी प्रत केल्याशिवाय नाही."

"म्हणजे अजून किती दिवस जाणार? परीक्षा कोणासाठी थांबत नाही. तुमच्या हट्टापायी मुलांचं नुकसान होईल."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. मुलांचे नुकसान हा शब्द त्यांना लागला. तरी ते शांतपणे म्हणाले, "बाई, काल सकाळपर्यंत करंजवड्याची ती फक्त एक प्रत होती. आता बाकीच्या दोन्ही गेल्या. आता तीच मूळ आहे. ती गेली तर मावशींना पुन्हा कोण वाचायला बसवणार आहे?"

पण बाईंचे समाधान झाले नव्हते. त्यांनी तारामावशींना बोलावणे पाठवले. त्यांना वाटले, जिचा आवाज आहे तिनेच सांगितले तर मास्तर ऐकतील.

मावशी गिरणी बंद करून आल्या. पदराला पीठ लागलेले तसेच होते. बाईंनी त्यांना सारे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, "मावशी, आवाज तुमचा आहे. तो लवकर ऐकावा असं तुम्हालाही वाटत असेल. तुम्ही सांगा मास्तरांना."

मावशींनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि तळहातावर अक्षरे काढू लागल्या. मास्तर एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेले. "लो… भ… आ… हे… प… ण… थां… बू…"

मावशींनी हातावर थाप मारली. 'लोभ आहे, पण थांबू.' पाटणकरबाईंनी ते मान्य केले.

मधले दिवस मास्तरांनी वाया जाऊ दिले नाहीत. सकाळ-संध्याकाळ ते मुलांना घेऊन आंब्याखाली बसले आणि पुस्तकातले जे जे त्यांना आठवत होते ते सांगत राहिले. जिथे आठवत नसे तिथे पाटणकरबाई स्वतः पुस्तक उघडून वाचत. सुनेत्रा सर्वांत पुढे बसे.

ठरल्याप्रमाणे वायरमन आला. त्याने मीटरपासून ग्रंथालयापर्यंत सारी तार तपासली. शाळेच्या त्या बाजूची न्यूट्रल तार सांध्यात ढिली झाली होती. त्यामुळे वीज कधी नेहमीसारखी येई, तर कधी एकदम दुप्पट दाबाने. तो म्हणाला, "या बाजूच्या कुठल्याही खोलीत काही लावलं असतं, तरी आज ना उद्या उडालंच असतं." त्याने सांधा नवा केला.

आता करंजवड्याहून डिस्क आणायची आणि जिल्ह्याच्या गावातल्या दुकानात तिच्या प्रती करून घ्यायच्या, एवढे काम उरले. कोणाला पाठवायचे, असे बाईंनी विचारले.

"चौगुल्यांना," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी चौगुल्यांकडे पाहिले. चौगुल्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मास्तर, माझ्या हातून नको. हवं तर मी तुमच्या सोबतीला येतो. पण ती माझ्या हातात देऊ नका."

"तुमच्याच हातात देणार. डिस्क जळताना काय होतं ते तुम्ही अनुभवलंय. तुमच्याइतकी काळजी दुसरं कोण घेईल?"

चौगुले गेले. मास्तरांच्या बहिणीने गोधडीच्या कापडात गुंडाळलेला डबा त्यांच्या हाती ठेवला आणि चहा घ्यायला बसवले. चौगुल्यांनी चहा घेतला, पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. परतीची गाडी घाटात बंद पडली. दुसऱ्या गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "सामान टपावर टाका." चौगुले ती गाडी सोडून पुढच्या गाडीची वाट पाहत उन्हात थांबले. एरवी जो माणूस चहा निवण्याचीही वाट पाहत नसे, तो त्या दिवशी दुपार टळेपर्यंत रस्त्याच्या कडेला डबा पोटाशी धरून उभा होता.

दुकानदाराने डिस्क घ्यायला हात पुढे केला तेव्हा चौगुल्यांनी विचारले, "आधी दुसरं काहीतरी लावून दाखवता का? त्या प्लगमध्ये?"

दुकानदार हसला. तरी त्याने दाखवले. मग प्रती झाल्या. चौगुल्यांनी प्रत्येक डिस्क उघडायला लावली, कानाला हेडफोन लावून सुरुवात ऐकली, मध्य ऐकला, शेवट ऐकला. त्यानंतरच ते उठले.

मावशींच्या पुस्तकानंतर इतरांनी जे वाचले होते ते सगळे गेले होते. त्याला काही इलाज नव्हता. ती माणसे पुन्हा आली आणि त्यांनी ती पुस्तके पुन्हा वाचायला घेतली. निवृत्त पोस्टमन म्हणाले, "मागच्या खेपेला मी दोन नावं चुकीची वाचली होती. बरं झालं, आता सुधारतो."

मावशींचे पुस्तक मात्र पुरे मिळाले. मुलांनी मावशींना बोलावून घेतले आणि मध्ये बसवले. आवाज सुरू झाला. मावशी ताठ बसून ऐकत होत्या. आपला आवाज त्या आजारपणानंतर प्रथमच ऐकत होत्या. एका तहाची कलमे चालली होती. तिसऱ्या कलमापाशी आवाज थांबला आणि म्हणाला, "अगं, ते बाजरीचं दळण झालंय, घेऊन जा. हां, तर कलम चौथं."

वाचताना कोणीतरी दळणाचे विचारायला शाळेत आले असणार. मास्तरांनी ते कधीच कापून टाकले नव्हते. मुले खो खो हसली. मावशीही हसल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज आला नाही, पण सुनेत्राचा हात त्यांच्या खांद्यावर होता आणि तो खांदा हलताना तिला कळला. ती म्हणाली, "मास्तर, मावशी हसतायत." मास्तरांनी तोंड दुसरीकडे वळवले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मुलांची परीक्षा झाली. इतिहासाच्या पेपरात सुनेत्राने तहाची सगळी कलमे सांगितली. तिच्या लेखनिकाने नंतर बाहेर येऊन विचारले, "ही मुलगी कलमं इतकी ठासून का सांगते?" त्याला कोणी कारण सांगितले नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत करंजवड्याला जायची वेळ आली. मास्तरांनी नवी डिस्क डब्यात घातली आणि डबा चौगुल्यांपुढे ठेवला.

"आता दरवर्षी तुम्हीच जा," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा तुम्ही ती जास्त जपाल."

पुढे मास्तर निवृत्त झाले, शाळेत नवे लोक आले. करंजवड्याला जायच्या वेळी नव्यांपैकी कोणी विचारले की एवढ्या प्रती कशाला, तर चौगुले त्यांच्याशी वाद घालत नसत. ते त्यांना ग्रंथालयात नेऊन बसवत आणि तारामावशींचे पुस्तक लावत. थोडे ऐकवून झाले की म्हणत, "या बाई आता बोलू शकत नाहीत." आणि मग सकाळच्या गाडीला निघायची तयारी करायला जात.

तात्पर्य: जे पुन्हा घडवता येणार नाही, त्याच्या प्रती वेळेवर काढाव्यात आणि वेगवेगळ्या जागी जपाव्यात, आणि एकच प्रत उरली असेल, तर कितीही गरज असली तरी ती घाईच्या हाती देऊ नये.